उभ्या मोटारीचा पारखी

धर्मा मिस्त्री मोटारीची नाडी डाव्या हाताच्या दोन बोटांनी बघत. म्हणजे इंजिन चालू ठेवून प्लगवरची वायर उपसायची आणि तिचं उघडं टोक सरळ बोटांत धरायचं. तुम्ही-आम्ही धरलं तर तीन हात लांब जाऊन पडू आणि घरचे अंगारा शोधतील. मिस्त्रींचा फक्त दंड एकदा उडे, डोळे मिटत, आणि मग निकाल बाहेर पडे. झटका मनगटापर्यंत आला तर "मनगट". कोपरापर्यंत आला तर "कोपर". खांद्यापर्यंत पोचला की चेहरा उजळे आणि ते म्हणत, "खांदा! आता खुशाल जावा काशीला."

उजवा हात त्यांनी या कामाला कधी लावला नाही. "जेवनाचा हात हाय तो. त्याला ईजंची सवय नको." डाव्या हाताची ती दोन बोटं मात्र कायमची काळी पडली होती आणि त्यांवर विस्तव ठेवला तरी त्यांना कळत नसे. हे मी ऐकीव सांगत नाही, ते विडी त्याच बोटांनी विझवत.

गोष्ट सर्व्हिस मोटारींच्या दिवसांतली आहे. मी तेव्हा खालापूरला बापूशेठच्या मोटार सर्व्हिसचा बुकिंग कारकून होतो. पाटीवर 'मोटारी' असं अनेकवचन रंगवलेलं होतं; प्रत्यक्षात मोटार एकच. ती खालापुराहून कर्जत स्टेशनला जाई, रेल्वेचे उतारू घेऊन परत येई आणि उरलेल्या वेळात मामलेदार कचेरीजवळच्या चिंचेखाली धर्मा मिस्त्रींच्या पुढ्यात बॉनेट उघडून उभी असे. त्याच चिंचेच्या बुंध्याला टेकून माझं टेबल होतं. लोक मला मास्तर म्हणत. शिकवलं मी कुणाला काही नाही, जन्मभर तिकिटं फाडली.

मिस्त्री मूळचे पोशीरचे, भातशेतीच्या घरातले. तरुणपणी मुंबईला कुठल्याशा साहेबाच्या मोटारखान्यात लागले. दहा-बारा वर्षांनी परतले ते एक पान्यांची पेटी आणि एक ठाम समजूत घेऊन. मोटारीच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ विजेत असतं, ही ती समजूत. मोटार धूर सोडो, खोको, चढावर मागे सरको, मिस्त्री म्हणत, "आदी ईजंला इचारा." पेट्रोलवर त्यांचा संशय कधी जातच नसे. "पेट्रोल गरीब हाय. जळ म्हनलं की जळतंय. लबाडी करती ती ईज."

दुसरं वेड याहून मोठं. मोटार पळते कशी, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. ती उभी कशी राहते ते ते बघत. "पळताना समदेच शाने, मास्तर. उभी करा, मंग कळतं." मोटार फेरीहून आली की इंजिन बंद करायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. उतारू उतरत, बोचकी खाली येत, आणि तेवढ्यात मिस्त्री चहाची भरलेली कपबशी मडगार्डवर ठेवत. कपातला चहा बशीत सांडला नाही तर तो पीत. सांडला तर तसाच चिंचेच्या मुळाशी ओतून बॉनेट उघडत. ती चिंच त्यांच्याइतकाच चहा प्यायली असेल.

इंजिनात सिलिंडर चार. मिस्त्री त्यांना चार भाऊ म्हणत. मान वाकडी करून ऐकत आणि मोठ्याने जाहीर करत, "थोरला ब्येस हाय, धाकटा ब्येस हाय. तिसरा अंग चोरतोय. त्याच्यापायी बाकीचे खपतायत." एकदा कचेरीत वाटणीच्या कामाला आलेलं एक घराणं चिंचेखाली बसलं होतं. त्यातला तिसऱ्या नंबरचा भाऊ हे ऐकून मिस्त्रींच्या अंगावर धावून गेला. दोघांना सोडवता सोडवता माझ्या सदऱ्याची बाही गेली.

माणसांनाही त्यांची हीच कसोटी. गावातला एक पुढारी सभा गाजवी, मिस्त्री म्हणत, "ह्यो पळतोय तवर ठीक हाय. घरात गप बसवा, बंद पडंल." माझ्याबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते म्हणत, "मास्तर, तुमी उभ्याला एकदम ब्येस. आवाज नाय, धूर नाय, काय नाय."

एकदा मुंबईहून पुण्याला निघालेले एक बडे वकील आमच्याकडे अडकले. मोटार कोरी करकरीत. रस्त्यावर वाऱ्यासारखी धावे आणि कुठे थांबली की बंद पडे. त्यांच्या टोपीवाल्या ड्रायव्हरचं म्हणणं, पेट्रोलात कचरा आहे. मिस्त्रींनी वायर धरली आणि तुच्छतेने म्हणाले, "मनगट बी नाय. नुसत्या मुंग्या." वकिलांनी पुरावा मागितला. मिस्त्रींनी आधी आमच्या मोटारीची वायर त्यांच्या हाती दिली, चांगली वीज कशी असते ते कळावं म्हणून. पगडी बॉनेटच्या पलीकडे गेली आणि वकीलसाहेब माझ्या टेबलावर आले. "ह्यो खांदा," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "आता तुमची धरता का?" वकिलांनी पुढचा पुरावा सोडून दिला. वायरीचं वरचं वेष्टण एके ठिकाणी घासलं होतं आणि वीज तिथून लोखंडात गळत होती. मिस्त्रींनी चिंधी गुंडाळली आणि मोटार मांजरासारखी घुरघुरत उभी राहिली.

आता सखारामबद्दल सांगायला हवं. आमच्या मोटारीचा ड्रायव्हर सखाराम हा मिस्त्रींचा जावई. मिस्त्रींची एकुलती एक मुलगी बायजा त्याला दिलेली होती. ती पहिल्या बाळंतपणात गेली आणि मूलही गेलं. मिस्त्रींची बायको त्याआधीच वारली होती. या गोष्टीला आठ वर्षं झाली, आणि आठ वर्षांत सासरा-जावई एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. काम मात्र दोघांचं एकाच मोटारीवर. तेव्हा त्यांचं बोलणं माझ्यामार्फत चाले.

"मास्तर," सखाराम स्टिअरिंगवरून म्हणे, "त्यांना सांगा, पळसदरीच्या चढाला खडखड येती."

दोन हातांवरच्या बॉनेटआडून आवाज येई, "मास्तर, त्याला इचारा, खडखड का टकटक?"

"टकटक म्हनावं."

"मंग खडखड कशापायी सांगतोय?"

दोघांनाही सगळं ऐकू येत असे. तरी मी मध्ये "टकटक म्हणतोय" एवढं म्हटल्याशिवाय गाडं पुढे सरकत नसे. एकदा मी तापाने घरी पडलो होतो. दोघं माझ्या घरी आले, खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि माझ्या अंगावरून ब्रेकबद्दल बोलले. बायकोने विचारलं, यांना नेमकं कुणाला बघायचं होतं? मी काय सांगणार?

गावाने याचा अर्थ लावून ठेवला होता. मुलीला कर्जतच्या डॉक्टरकडे न्यायला सखारामने उशीर केला म्हणून म्हाताऱ्याचा त्याच्यावर राग आहे, असा तो अर्थ. मी त्या दिवशी सुट्टीवर गावी गेलेलो होतो. आल्यावर हाच अर्थ मला तयार मिळाला आणि मी तो घेतला. गावाने एकदा काही ठरवलं की प्रत्यक्ष माणसाला जाऊन विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे मोटारीची पूजा असे. आदल्या दिवशी मिस्त्री इंजिन पुसून लख्ख करत आणि शेवटी मॅग्नेटोचं झाकण उघडत. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेला एक लोखंडी डबा. त्यातलं चक्र इंजिनाबरोबर फिरतं, वीज तयार होते आणि झाकणाखालून चारी प्लगांना वाटली जाते. मिस्त्री त्याला देव म्हणत. "पर ह्या देवाला पानी नको, त्याल नको, फूल बी नको. नुसता कोरडा ठेवा. एवढ्यावर खूश हाय." ते झाकण ते कोरड्या फडक्याने आतून पुसत आणि स्वतःच्या हाताने बसवत. दुसऱ्याने त्याला बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

बापूशेठ भाताचे व्यापारी आणि अतिशय भाविक. त्या दसऱ्याला हार-फुलं झाली, नारळ फुटला, आणि शेठना अचानक प्रश्न पडला. "मिस्त्री म्हणतो, देव त्या डब्यात आहे. मग आपण बाहेर पत्र्याला हार घालून काय मिळवतो?" मिस्त्री तेव्हा आपट्याची पानं आणायला गेले होते आणि बाकीची मंडळी फुटलेल्या नारळाभोवती जमली होती; बॉनेटपाशी शेठ, भटजी आणि मी असे तिघंच होतो. भटजींनी शास्त्रात आडकाठी नसल्याचं सांगितलं. मोटारीच्या शास्त्राबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेठनी झाकणाची पट्टी सरकवली, झाकण उलटं केलं, त्याला आतून तेलात कालवलेला शेंदूर चांगला चार बोटं लावला, वर कुंकू वाहिलं, फुलाने तीर्थ शिंपडलं आणि झाकण पुन्हा बसवलं. तबक माझ्या हातात होतं. मिस्त्रींचं ते वाक्य मला पाठ होतं. मी तबक जरा पुढे केलं, शेठचा हात नीट पोचावा म्हणून.

मिस्त्री परत आले तेव्हा सगळे प्रसाद खात होते. त्यांनी सगळ्यांना सोनं वाटलं. सखारामची पानं माझ्याकडे दिली, "त्याला द्या" म्हणून.

दुखणं तीन-चार दिवसांनी सुरू झालं. मोटार रस्त्यावर ठणठणीत. स्टँडवर उभी राहिली की गुदमरल्यासारखी करी, दोनदा खोके आणि बंद. वाटेत म्हातारी उतरली की बंद, फाट्यावर माणूस चढला की बंद. दर खेपेला सखारामने खाली उतरून हँडल मारायचं. तो घामाघूम आणि आत उतारू गाडी चुकेल म्हणून त्याच्या नावाने ओरडतायत. दोनदा कर्जतची गाडी खरंच चुकली. तिथले टांगेवाले आम्हाला रामराम घालू लागले.

बापूशेठनी निदान केलं आणि ते विजेचं नव्हतं. पेट्रोलचे डबे कर्जतहून सखाराम आणी. "डबे आणतो हा. वाटेत त्यात रॉकेल घालून पेट्रोल कुठे ओततो, कुणी बघितलंय?" कुणीच बघितलं नव्हतं, आणि म्हणून सगळ्यांना पटलं. शेठनी चिंचेखाली सगळ्यांसमक्ष सांगितलं, "सोमवारी निकाल. मिस्त्री, निकाल तू द्यायचास. रॉकेल असेल तर असेल म्हण. मी याला फौजदारापुढे उभा करतो आणि बिल्ला काढून घ्यायला लावतो."

ड्रायव्हरचा तो पितळी बिल्ला गेला की ड्रायव्हर संपला. सखारामला शेताचा तुकडा नव्हता. घरी आंधळी झालेली आई होती. त्या बिल्ल्यावर दोन माणसं जेवत होती, आणि तो बिल्ला आता सासऱ्याच्या एका शब्दावर होता. लोक खूश झाले. पानवाला मला डोळा मारून म्हणाला, "आता म्हातारा आट वर्सांचं उट्टं काढतोय बगा."

मिस्त्रींनी पहिल्यांदा पेट्रोल तळहातावर ओतलं. ते गार लागून क्षणात उडून गेलं, तळहातावर तेलकटपणा राहिला नाही. "गरीब हाय," ते पुटपुटले. मग ते विजेच्या मागे लागले. प्लग बदलले. वायरी एकेक करून हातातून सोडल्या. ठिणगी पाडणारे ते दोन इवलेसे टोकाचे तुकडे घासून आरशासारखे केले. रेस देऊन वायर धरली की झटका कोपरापर्यंत येई. मोटार मंद उभी ठेवून धरली की नुसत्या मुंग्या.

"वाट फुटलीय कुटंतरी," ते मला म्हणाले. "बांधाला खेकड्याचं भोक असतंय ना, तसं. पानी भरून असलं की कळत नाय, भोकातनं गळून बी शेताला पुरतं. पानी कमी झालं की समदं भोकातनंच जातंय. मोटार पळती तवा चक्र जोरात, ईज लई. उभी ऱ्हायली की चक्र मंद, ईज बारीक. ती बारीक ईज कुटं मरती तेवडं कळंना."

मला कळलं होतं, असं मी म्हणत नाही. पण दसऱ्याचं ते तबक सारखं डोळ्यांपुढे येत होतं, आणि मी ते तिथून बाजूला करत होतो. रविवारी दुपारी धीर करून एवढंच म्हटलं, "एकदा झाकण उघडून बघायचं का?"

मिस्त्री चिडले. "दसऱ्याच्या आदल्या दिशी माज्या हातानं पुसून बसवलंय. त्या घरात माज्याबिगार कोन जात नाय." मी गप्प झालो. गप्प व्हायला मला फारसा वेळ लागत नाही.

सोमवारी सकाळी मी टेबल पुसत होतो तेव्हा त्यांनी हाक मारली. झाकण उलटं करून तळहातावर घेतलं होतं. आतून ते लालभडक. तेलाने धूळ धरली होती आणि त्या लाल राडीतून केसासारख्या काळ्या रेघा जळत गेल्या होत्या, वीज पळाल्याच्या.

"मास्तर, ह्ये कोनी केलं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पेट्रोलात भिजवलेल्या फडक्याने त्यांनी झाकण पुसलं, कोरडं केलं, बसवलं, हँडल मारलं. मोटार उभ्या जागी एका लयीत चालू लागली. मला हायसं वाटलं. आता मिस्त्री शेठना सांगतील, मला तोंड उघडावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

शेठ आंघोळ करून, गंध लावून आले. माणसं जमली. सखाराम टोपी हातात घेऊन बाजूला उभा होता. त्याने दाढीसुद्धा केली नव्हती.

"काय मिस्त्री? रॉकेल?"

"नाय शेठ. पेट्रोल चोख हाय. डायव्हरची कायबी चूक नाय." मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले. "चूक माजी. दसऱ्याला साफ करताना आत माजा त्यालाचा हात लागला. त्यातनं ईज गळत व्हती. आता झालं नीट."

शेठचा चेहरा आधी उतरला. फौजदाराची तयारी करून आलेला माणूस तो. मग आवाज चढला. "आठवडाभर माझी सर्व्हिस बुडवलीस? आणि जावयावर किटाळ येईपर्यंत तोंडात मूग धरून बसलास? सूड घ्यायला माझीच मोटार सापडली तुला? उचल पेटी. उद्यापासून दिसू नकोस."

गर्दीला हे एकदम पटलं. सासऱ्याने जावयाला गोत्यात आणायला मुद्दाम तेल सोडलं आणि फौजदाराचं नाव निघताच पाय कापले. सगळं कसं चपखल बसत होतं. मी तिकिटांची वही उघडली आणि तारखेचा शिक्का शोधू लागलो.

तेवढ्यात सखाराम पुढे आला. आठ वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे न बघता सरळ मिस्त्रींकडे बघत होता.

"म्हाताऱ्या, जीव घेयाला निगाला व्हतास व्हय रं माजा? पोर तुजी गेली, तशी माजी बायको नाय गेली? माजं प्वार नाय गेलं?" आणि मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मला इथे लिहिता येणार नाही. लोकांनी त्याला धरून मागे ओढलं. मिस्त्री मान खाली घालून सगळं शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. मग पेटी खांद्यावर घेऊन कर्जतच्या रस्त्याला चालते झाले. आमची मोटार थोड्या वेळाने त्यांना मागे टाकून गेली.

त्यानंतर शेठनी पुण्याहून नवा मिस्त्री आणला. तो हातमोजे घालून काम करी. त्याला पेट्रोलाचा सारखा संशय येई.

मी पोशीरला गेलो तो माघ महिन्यात. नेरळला एका लग्नाला गेलो होतो, तिथून चालत निघालो. मला कुणी पाठवलं नव्हतं. झोप नीट लागत नव्हती, एवढंच कारण. मिस्त्री शेतात राबाची तयारी करत होते. रोप टाकायच्या तुकड्यावर आधी तोडलेल्या फांद्या, मग शेण, मग पालापाचोळा पसरायचा आणि भाजायचा. मला बघून ते बांधावर येऊन बसले. पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी तबक माझ्या हातात होतं. शेंदूर शेठनी लावला."

"ठाव हाय. तुमी 'मला काय म्हाईत' म्हनलात तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? द्येव चुकत नाय. शेठ चुकत नाय. भट चुकत नाय. ऱ्हायलो कोन? तुमी, मी आन सखाराम. तुमी पोराबाळांचे. त्याचा बिल्ला. मी काय, एकटा जीव." त्यांनी हे मला टोमणा म्हणून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते साध्या आवाजात बोलत होते, वायरीचं निदान सांगावं तसं.

मला लाज वाटली. जन्मात इतकी कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "सखाराम अजून रोज तुमच्या नावाने शिव्या घालतो. रोज. मी आज परत जाऊन त्याला खरं काय ते सांगतो. शेठला कळलं तर कळू दे."

मिस्त्रींनी माझा हात धरला. "नाय. सांगायचं नाय."

मग राबाकडे बघत ते हळूहळू बोलू लागले. बायजाच्या वेळच्या त्या दिवशी सकाळी मोटार फेरीहून आली होती. पळायला चोख. उभी असताना मात्र बारीकसा मिस मारत होती, मधूनच एखादा ठोका गाळत होती. "दुसऱ्या कुनाच्या ध्यानात बी आलं नसतं. मला ऱ्हावलं नाय. म्याग्नेट खोलून गोनपाटावर मांडला. चक्र एकीकडं, झाकन एकीकडं. आन सखाराम पळत आला. बायजाचं जड दिसतंय, कर्जतला न्यायाला पायजे म्हनला. माजं हात चालंनात मास्तर. एक इस्क्रू हातात धरला तर दुसरा पडं. तास गेला. मोटार निगाली ती पळसदरी वलांडून गेली आन पोर वाटंत गेली. मी खोलली नसती तर तशीच पळाली असती की. तिला काय बी झालं नव्हतं."

मी तांब्या खाली ठेवला.

"त्यानं मला कदी इचारलंच नाय. त्या दिवशीच का खोललीत म्हनून. मी वाट बगत ऱ्हायलो. आज इचारील, उद्या इचारील, गचांडी धरंल, दोन थोबाडात मारंल. मंग मी काय तरी बोललो असतो. पर त्यो गप. आट वर्सं गप. कोन्या तोंडानं मी बोलायचं?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच दाढीत जिरू दिलं. "आता देतोय ना शिव्या? देऊ द्या. लई उशीर केला पोरानं."

ऊन कलायला लागलं होतं. मी उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "काय काय म्हनतो, सांगा की."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ते थोडे पुढे सरकून, मान वाकडी करून बसले होते. मग मी सांगायला लागलो. सकाळच्या फेरीला काय म्हणतो, कर्जतहून आल्यावर काय म्हणतो, हँडल मारताना काय म्हणतो, सगळं. मधूनमधून ते "बरं" म्हणत. मी थांबलो की "आनी?" म्हणत.

आठवेल तेवढं मी सांगितलं. ते संपल्यावर थोडं पदरचंही घातलं.